तुटलेला मज्जातंतू आणि स्टेम सेल उपचार: शस्त्रक्रिया लांबवावी इतका भरवसा आहे का?

अर्धविराम (धागाकर्ता)

माझ्या धाकट्या भावाच्या मनगटाच्या वर काच शिरून मीडियन मज्जातंतू पूर्ण तुटला. पहिल्या वेळी जखम शिवली गेली, पण मज्जातंतूकडे कोणाचे लक्ष गेले नाही, आणि बोटांची बधिरता सुजेमुळे असेल असे समजून मधले काही आठवडे वाया गेले. आता तुटलेली टोके आखडून मागे सरकली आहेत, मध्ये काही सेंटिमीटरचे अंतर पडले आहे, आणि हाताच्या शल्यविशारदांनी पोटरीतील सुरल मज्जातंतूचा तुकडा काढून तेथे जोडण्याचा सल्ला दिला आहे. भावाला अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या टोकांना काहीच जाणवत नाही. सदऱ्याचे बटण लावताना तो बोटांवरची नजर हलवत नाही, कारण बटण चिमटीत आहे की सुटले, हे त्याला पाहिल्याखेरीज कळत नाही.

अशातच मावशीने एका उपचारकेंद्राची जाहिरात पाठवली. पोटावरच्या चरबीतून स्टेम सेल काढून त्या शिरेवाटे द्यायच्या, म्हणजे मज्जातंतू आपोआप जुळतो, शस्त्रक्रियेची गरज पडत नाही, असा त्यात दावा आहे. घरात आता दोन तट पडले आहेत. या उपचारामागे खरे विज्ञान किती आहे, तो शस्त्रक्रियेऐवजी घेता येतो का, आणि तो सिद्ध होईपर्यंत थांबण्यात काही शहाणपण आहे का, हे जाणकारांनी सांगावे. जाहिरातीचा दुवा मुद्दामच दिलेला नाही.

कोरा कागद

महत्त्वाचा विषय आहे. माझ्याकडे सांगण्यासारखे काही नाही, पण प्रतिसाद वाचत राहीन.

निशिगंधा

मी काही वर्षे प्रयोगशाळेत मज्जातंतूंच्या पुनर्वाढीवर काम केले आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या भावाने काय करावे हे मी सांगणार नाही; विज्ञान कुठवर आले आहे, एवढेच सांगते.

परिघीय मज्जातंतू, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूच्या बाहेरचे मज्जातंतू, तुटल्यावर पुन्हा वाढू शकतात. ही क्षमता त्यांच्यात मुळातच असते. १८५० मध्ये ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेचे मज्जातंतू कापून दाखवले, की छेदाच्या पलीकडचा भाग झिजून नष्ट होतो. पुढे कळले, की त्या पडझडीनंतर तिथल्या श्वॉन पेशी आपले नेहमीचे काम, म्हणजे अ‍ॅक्सॉनभोवती (मज्जापेशीच्या लांब धाग्याभोवती) मायलिन या स्निग्ध पदार्थाचे आवरण राखणे, सोडून देतात आणि दुरुस्तीच्या कामाला लागतात. त्या मायलिनचा कचरा साफ करतात, स्वच्छता करणाऱ्या पांढऱ्या पेशींना बोलावतात, पोषक प्रथिने स्रवतात आणि एकामागोमाग एक रांगेत लागून वाढत्या अ‍ॅक्सॉनसाठी मार्ग आखतात. अलीकडच्या टोकातून निघालेले अ‍ॅक्सॉन या मार्गाने दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने पुढे सरकतात.

अडचण अशी, की श्वॉन पेशी हे काम अनंत काळ करत नाहीत. अ‍ॅक्सॉन पोहोचायला उशीर झाला, की त्यांची संख्या घटते, त्यांचे स्रवणे कमी होते आणि रांगा विस्कटतात. अंतर मोठे असेल, तर मधल्या पोकळीत मार्ग आखणारे कोणीच नसते. सुरल मज्जातंतूचा तुकडा जोडतात तो मुख्यतः याचसाठी. त्या तुकड्यातील अ‍ॅक्सॉन मरतात, पण त्यातील नळ्या आणि श्वॉन पेशी रुग्णाच्या स्वतःच्याच असल्यामुळे कामी येतात.

स्टेम सेलचा विचार या ठिकाणी सुरू होतो. भरपूर श्वॉन पेशी हव्या असतील, तर चांगला मज्जातंतू कापावा लागतो आणि मग त्या प्रयोगशाळेत वाढवायला आठवडे जातात. त्याऐवजी अस्थिमज्जेतील किंवा चरबीतील मेसेंकायमल पेशींना (हाड, कूर्चा, चरबी अशी ऊतके बनवू शकणाऱ्या स्टेम सेलना) विशिष्ट वाढघटक देऊन श्वॉन पेशींसारखे बनवता येईल का, असा प्रश्न पुढे आला. २००१ मध्ये अस्थिमज्जेतील आणि २००७ मध्ये चरबीतील पेशींबाबत असे प्रयोग उंदीरवर्गीय प्राण्यांच्या पेशींवर यशस्वी झाल्याचे प्रसिद्ध झाले. म्हणजे या कल्पनेमागे विज्ञान आहे. मात्र यातील एकाही संशोधकाने शिरेतून सलाइनसारख्या पेशी सोडल्यावर तुटलेला मज्जातंतू जुळतो, असा दावा केलेला नाही. शिरेतून दिलेल्या मेसेंकायमल पेशींपैकी बहुतेक आधी फुप्फुसांच्या सूक्ष्म वाहिन्यांत अडकतात. मनगटापर्यंत किती पोहोचतील, याचा अंदाज तुम्हीच करा.

मुक्काम पोस्ट

म्हणजे पोटावरची चरबी एकदाची फुप्फुसात नेऊन ठेवण्याचा हा उपचार दिसतो. माझ्याकडे कच्चा माल मुबलक आहे, पण तूर्तास तो आहे तिथेच बरा आहे.

तारयंत्री

मी विद्युत अभियंता आहे, त्यामुळे एक बाळबोध शंका विचारतो. तार तुटली की आम्ही दोन टोके सोलतो, जोड देतो आणि दिवा लागतो. मज्जातंतूची दोन टोके शल्यविशारदाने सूक्ष्मदर्शकाखाली शिवली, तर संवेदना त्याच दिवशी परत का येत नाही?

निशिगंधा

@तारयंत्री, तारेचे दोन्ही तुकडे निर्जीव असतात आणि तुटल्यावरही तसेच राहतात. अ‍ॅक्सॉन ही मात्र एका जिवंत पेशीची लांबलचक शाखा आहे. मीडियन मज्जातंतूतील स्नायू हलवणाऱ्या पेशींची मुख्य शरीरे मानेच्या मज्जारज्जूत असतात, संवेदना नेणाऱ्यांची त्याच्या शेजारच्या गाठींत. छेदापलीकडचा तुकडा आपल्या पेशीपासून तोडला गेला, की काही दिवसांत नष्ट होतो. शिवले जाते ते बाहेरचे आवरण. आतला प्रत्येक अ‍ॅक्सॉन छेदापासून बोटापर्यंत नव्याने वाढावा लागतो आणि तोही योग्य नळीत शिरला पाहिजे. संवेदनेचा अ‍ॅक्सॉन स्नायूकडे जाणाऱ्या नळीत शिरला, तर तो पोहोचूनही निरुपयोगी ठरतो. टाके उत्तम असूनही हात पूर्ववत होत नाही, त्याचे हे एक मोठे कारण आहे, आणि नुसत्या जास्त पेशी ओतून हा प्रश्न सुटत नाही.

पैलतीर

धागाकर्त्यांना रुग्णाच्या बाजूचा अनुभव सांगतो. माझ्या अल्नर मज्जातंतूत (करंगळीकडे जाणाऱ्या) पोटरीचा सुरल तुकडा जोडला आहे. पाऊल अधू होईल अशी भीती मला दाखवण्यात आली होती, पण प्रत्यक्षात पावलाची बाहेरची कड बधिर राहिली आहे, चालण्यात काही फरक पडलेला नाही, आणि कालांतराने त्या बधिरतेचे विस्मरणही झाले. पोटरीवर व्रण आहे.

खरी परीक्षा वाट पाहण्याची होती. सुरुवातीचा बराच काळ काहीही घडत नाही असेच वाटते. मग एक दिवस डॉक्टरांनी मज्जातंतूच्या मार्गावर बोटाने हलकेच टकटक केली आणि करंगळीत मुंग्यांचा झटका आला. पुढच्या प्रत्येक भेटीत ती जागा थोडी खाली सरकलेली असे, आणि मी घरी पेनाने तिथे खूण करून ठेवत असे. संवेदना परतली तीही आधी विचित्र रूपात परतली. कापडाचा स्पर्श काट्यासारखा टोचायचा. हात झाकून न बघता वस्तू ओळखण्याचा सराव करून घेतात, तो कंटाळवाणा असला तरी टाळू नये असे मी आग्रहाने सांगेन.

नवी पालवी

धाग्याचा एकंदर सूर मला जरा जास्तच सावध वाटतो. प्रत्येक नवा उपचार एके काळी असिद्धच होता. उंदरांवरच्या प्रयोगांत तुटलेल्या टोकांमध्ये बसवलेल्या, मूळपेशी (स्टेम सेल) घातलेल्या नळीतून मज्जातंतू अधिक चांगला वाढला, असे सांगणारे शोधनिबंध ढिगाने आहेत. मग ते माणसांपर्यंत पोहोचण्यात अडथळा नेमका कशाचा आहे? स्वतःच्याच शरीरातील पेशी वापरायला एवढी भीती कशाला?

सूक्ष्मटाका

मी हाताच्या आणि मज्जातंतूंच्या शस्त्रक्रिया करतो. @नवी पालवी, तुमचा प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

प्रयोगातील उंदराच्या सायटिक मज्जातंतूत (मांडीतून पायाकडे जाणाऱ्या) साधारण १० ते १५ मिलिमीटरचे अंतर तयार करतात. उंदीर तरुण आणि निरोगी असतो, दुरुस्ती त्याच क्षणी होते, आणि अ‍ॅक्सॉनला स्नायूपर्यंत काही सेंटिमीटरच जायचे असते. आमच्याकडे येणारा रुग्ण चाळिशीचा असतो, धूम्रपान करणारा असतो, अपघातानंतर तीन महिन्यांनी येतो, आणि मानेपाशी तुटलेल्या मज्जातंतूला हाताच्या तळव्यापर्यंत पोहोचायला ७० सेंटिमीटर जावे लागते. दिवसाला एक मिलिमीटर धरला, तर हा ७०० दिवसांचा प्रवास झाला. मज्जातंतूविना राहिलेला स्नायू साधारण १२ ते १८ महिन्यांत असा झिजतो, की नंतर अ‍ॅक्सॉन पोहोचला तरी हालचाल परतण्याची आशा फार कमी उरते. उंदराच्या प्रयोगात काळाची ही अडचण जवळजवळ उद्भवतच नाही, आणि मूळपेशींचा खरा कस तर तिथेच लागायला हवा.

दुसरे असे, की त्या प्रयोगांत मूळपेशींची तुलना बहुधा रिकाम्या नळीशी केलेली असते. रिकाम्या नळीपेक्षा काहीही घातलेले बरे ठरते. सुरल तुकड्याशी थेट तुलना केली, की बहुतेक ठिकाणी निष्कर्ष ‘जवळपास तितकेच’ असा येतो. आज माझ्यासमोर रुग्णाचा स्वतःचा मज्जातंतू उपलब्ध असताना ‘जवळपास तितक्याच’ गोष्टीसाठी मी त्याचे महिने का खर्च करावेत?

माणसांवर काम अजिबात झालेले नाही असेही नाही. मायामी विद्यापीठात सायटिक मज्जातंतूला गंभीर इजा झालेल्या दोन रुग्णांच्या स्वतःच्या श्वॉन पेशी वाढवून सुरल तुकड्यांसोबत घालण्यात आल्या, आणि २०१७ मध्ये ते अनुभव प्रसिद्ध झाले. दोघांतही सुधारणा दिसली आणि गाठ उद्भवली नाही. क्योटो विद्यापीठात रुग्णांच्या त्वचेतील फायब्रोब्लास्ट (ऊतकांचा आधार बनवणाऱ्या) पेशींपासून त्रिमिती छपाईने नळ्या तयार करून हाताच्या मज्जातंतूंत बसवण्याचा छोटा प्रयोग झाला आहे. दोन्ही ठिकाणी रुग्ण मोजके होते, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि त्या पेशी स्टेम सेल नव्हत्या. तरीही हे काम मला आदर्श वाटते, कारण प्रत्येक रुग्णाची शस्त्रक्रिया झाली आणि पेशी तिच्या जोडीला आल्या. शस्त्रक्रिया वगळून पेशी देण्याचा मार्ग या क्षेत्रातील कोणत्याही गंभीर गटाने धरलेला मला माहीत नाही.

नवी पालवी

तुलना रिकाम्या नळीशी केलेली असते, हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता आणि तो मला पटला. ‘स्वतःच्याच पेशी’ या भागाचे उत्तर मात्र अजून मिळालेले नाही.

दूर्वांकुर

त्याचे उत्तर मी देण्याचा प्रयत्न करते. पेशी स्वतःच्या असल्या, की शरीर त्यांना परके समजत नाही, इतकेच त्यातून सिद्ध होते. बाहेर काढून, प्रक्रिया करून, दुसऱ्याच जागी घातल्यावर त्या काय करतील याची हमी त्यातून मिळत नाही. फ्लोरिडातील एका केंद्रात तीन स्त्रियांच्या दोन्ही डोळ्यांत त्यांच्याच चरबीतून काढलेल्या पेशी टोचल्या गेल्या आणि त्यांची दृष्टी कायमची अधू झाली. २०१७ मध्ये हा वृत्तान्त वैद्यकीय नियतकालिकात आला. मज्जासंस्थेच्या अधिक जवळचे उदाहरण हवे असेल, तर मज्जारज्जूला इजा झालेल्या एका तरुणीच्या नाकातील अस्तराच्या पेशी तिच्याच मज्जारज्जूत रोवल्या होत्या. आठ वर्षांनी तिथे श्लेष्म स्रवणारी गाठ सापडली. पेशी तिच्याच होत्या आणि त्या नाकातले आपले काम पाठीच्या कण्यात इमानेइतबारे करत होत्या.

मुक्काम पोस्ट

हे वाचल्यापासून मी दर पाच मिनिटांनी पाठ चाचपून पाहतो आहे. असे प्रतिसाद रात्री देऊ नयेत, ही नम्र विनंती.

सांजवेळ

थोडे अवांतर होईल, पण माझ्या आईला मधुमेहामुळे पावलांची बधिरता आहे. तिलाही याचा उपयोग होईल का?

सूक्ष्मटाका

@सांजवेळ, तो आजार वेगळा आहे. तिथे मज्जातंतू एका जागी तुटलेला नसतो. दीर्घकाळच्या वाढलेल्या साखरेमुळे आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या बिघाडामुळे सर्वांत लांब अ‍ॅक्सॉन टोकाकडून झिजत येतात, म्हणून बधिरता पावलांपासून सुरू होते. त्यात स्टेम सेलचे प्रयोग चालू आहेत, पण आज साखरेचे नियंत्रण, पावलांची रोजची तपासणी आणि योग्य पादत्राणे यांना पर्याय नाही. तपशिलासाठी स्वतंत्र धागा काढलात तर मी अवश्य लिहीन.

कोरा कागद

मला आता एक प्रश्न पडला आहे. बाळाच्या जन्माच्या वेळी नाळेतील रक्त साठवून ठेवले असेल, तर मोठेपणी अशा इजेसाठी ते उपयोगी पडते का?

निशिगंधा

नाळेच्या रक्तात प्रामुख्याने रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी असतात, आणि त्यांचा सिद्ध उपयोग रक्ताच्या व प्रतिकारशक्तीच्या काही आजारांत आहे. मज्जातंतूंच्या प्रयोगांत वापरतात त्या मेसेंकायमल पेशी नाळेतून घ्यायच्या असल्या, तर तिच्या जेलीसारख्या गाभ्यातून मिळवतात. त्यामुळे साठवलेल्या रक्ताचा मज्जातंतूसाठी उपयोग होईल असे आज कोणी सांगत असेल, तर तो विज्ञानाच्या बराच पुढे धावतो आहे.

याच ओघात एक गोष्ट सांगायला हवी, कारण या क्षेत्राचा विचार गेल्या काही वर्षांत बराच बदलला आहे. रोवलेल्या पेशी श्वॉन पेशी बनून कायमच्या तिथे राहतील, अशी सुरुवातीला अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यांतील बऱ्याच काही आठवड्यांत मरतात, आणि प्रयोगशाळेत श्वॉनसारख्या झालेल्या पेशी वाढघटक काढून घेतले की पुन्हा मूळपदावर येतात. तरीही प्राण्यांमध्ये फायदा दिसतो. म्हणजे फायदा बहुधा त्यांच्या स्रावांमुळे होत असावा. १९९१ मध्ये ‘मेसेंकायमल स्टेम सेल’ हे नाव रूढ करणारे आर्नल्ड कॅप्लन यांनीच २०१७ मध्ये ते नाव बदलण्याची मागणी केली, कारण या पेशी शरीरात जाऊन नवे ऊतक बनवण्यापेक्षा रासायनिक संदेश पाठवतात, असे त्यांचे मत झाले होते. मला हे सगळे फार उमेद देणारे वाटते. मार्ग आखणाऱ्या श्वॉन पेशींना थोडा अधिक काळ कामावर टिकवण्याइतके जरी हे स्राव करू शकले, तरी ७०० दिवसांच्या त्या गणितात मोठा फरक पडेल.

अर्धविराम

सर्वांचे मनापासून आभार. त्या केंद्राला मी दूरध्वनी करून निशिगंधा यांचा फुप्फुसांचा मुद्दा विचारला, तेव्हा त्यांनी लगेच ‘मग आम्ही एक्झोसोम देऊ, ते लहान असतात’ असे उत्तर दिले. शिवाय आपला उपचार क्लिनिकल चाचण्यांच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत असल्याचेही सांगितले. त्यामुळे आमचे मामा पुन्हा प्रभावित झाले आहेत.

दूर्वांकुर

एक्झोसोम म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेल्या सूक्ष्म पिशव्या. त्यांत प्रथिने आणि आरएनए असतात, आणि स्रावांचा विचार पुढे आल्यापासून त्यांवर गंभीर संशोधन चालू आहे. पण अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०१९ मध्ये असिद्ध एक्झोसोम उत्पादनांमुळे रुग्णांना गंभीर त्रास झाल्याचे सांगून जाहीर इशारा दिला होता. एका शंकेवर उपचारच बदलणाऱ्या केंद्राबद्दल मी याहून अधिक बोलण्याची गरज नसावी.

नोंदवहीबद्दल मात्र मामांना जरूर समजवा. तिथे नोंद असणे म्हणजे मान्यता असणे नव्हे. माहिती प्रयोग करणारेच भरतात, आणि पैसे घेऊन उपचार विकणाऱ्या काही केंद्रांनीही तिथे नोंदी केलेल्या आहेत. चाचणी खरी असेल, तर नीतिसमितीची परवानगी, तुलनेचा गट आणि गुंतागुंत झाल्यास जबाबदारी कोणाची हे लेखी मिळते, आणि प्रायोगिक उपचाराचे मोल सहसा रुग्णाकडून घेतले जात नाही.

पैलतीर

दूर्वांकुर यांच्याशी पूर्ण सहमत आहे. मामांचे मन वळवण्यासाठी माझी करंगळी हवी असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.

नवी पालवी

माझा एक शेवटचा प्रश्न सूक्ष्मटाका यांना आहे. मूळपेशी आज हाताशी नाहीत, हे मान्य. पण मग आज शिवण्यापलीकडे काहीच नवे नाही का?

सूक्ष्मटाका

आहे, आणि त्याची जाहिरात होत नाही याचे मला वाईट वाटते. इजा फार वर असेल, तर स्नायूच्या जवळचा एखादा अतिरिक्त तंतुगुच्छ वळवून थेट त्या स्नायूच्या मज्जातंतूला जोडतात. कोपर वाकवण्यासाठी अल्नर मज्जातंतूचा एक गुच्छ वापरण्याची ओबर्लिन यांची पद्धत १९९४ पासून प्रचारात आहे. तिच्यामुळे प्रवासाचे अंतरच कमी होते. दुरुस्तीच्या वेळी मज्जातंतूला दर सेकंदाला २० वेळा, तासभर सौम्य विद्युत उत्तेजन दिल्यास अ‍ॅक्सॉन छेद लवकर ओलांडतात, असे आधी प्राण्यांत आणि पुढे माणसांवरच्या छोट्या नियंत्रित चाचण्यांत दिसले आहे. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या अंतरासाठी कृत्रिम नळ्या आहेत, आणि पेशी काढून टाकून प्रक्रिया केलेले दात्यांचे मज्जातंतूही वापरले जातात. मूळपेशींची भर पडली, तर ती बहुधा यांतल्याच एखाद्या नळीत पडेल, म्हणून मी त्या संशोधनाकडे आस्थेने पाहतो.

@अर्धविराम, तुमच्या भावाच्या बाबतीत इजा मनगटाजवळ आहे, ही जमेची बाजू आहे. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या स्नायूंपर्यंतचे अंतर दहा सेंटिमीटरच्या आसपास धरले, तर अ‍ॅक्सॉनला साधारण शंभर दिवस आणि सुरुवातीला जोड ओलांडण्याचा काही काळ लागेल. मुदत अजून हातात आहे, पण ती दर आठवड्याला कमी होते आहे. शस्त्रक्रियेची तारीख ठरवताना विद्युत उत्तेजनाची सोय तिथे आहे का, हे विचारा. तोपर्यंत अंगठा तळव्याच्या बाजूला आखडू नये म्हणून आधारपट्टी लावायची का, हे हाताच्या थेरपिस्टला याच आठवड्यात दाखवून घ्या, आणि बधिर बोटांनी गरम भांडे धरू नये याची घरात सर्वांना जाणीव द्या. या रुग्णांना झालेले भाजण्याचे व्रण मी फार वेळा पाहिले आहेत.

अर्धविराम

तारीख आजच मागून घेतो. उत्तेजनाबद्दल काय उत्तर मिळते, ते याच धाग्यावर कळवीन.